नलूचं शिफारसपत्र

४ एप्रिल १९९९, रविवार

शहरातल्या धर्मविद्यालयाचं पत्र आज उपासनेनंतर वाचून दाखवलं. ते आपल्या सेलूच्या चर्चच्या मंडळीला दोन महिन्यांसाठी एक विद्यार्थी 'देत' आहेत. क्षेत्रकार्य म्हणतात त्याला. जसा काही आम्ही अर्ज करून मागितला होता! राहणं-जेवण माझ्या घरी, शिकणं त्याचं, आणि उपकार विद्यालयाचे. वर त्याच्या कामाचा शेरा मंडळीच्या सचिवांनी, म्हणजे मी, भरून पाठवायचा.

सहा वर्षं या मंडळीला पाळक नाही, तेव्हा विद्यालयाला आमची आठवण झाली नाही. महिन्यातून एकदा वर्ध्याहून पाळकसाहेब येतात, प्रभुभोजन देतात आणि साडेबाराच्या बसवर डोळा ठेवून आशीर्वाद उरकतात. बाकीचे रविवार चंद्रभान उपदेश करतो. आठवडाभर तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळं व्यासपीठावरच्या पांढऱ्या कापडाला काळी बोटं उमटतात. मी अठ्ठावीस वर्षं सचिव आहे. एवढ्या काळात आम्ही तीन पोरं त्या विद्यालयात पाठवली आणि एकही परत आलं नाही. एक नागपुरात वसतिगृहाचा अधीक्षक झाला, दुसरा अमेरिकेत आहे, तिसरा जबलपुरात विमा विकतो. चांगली पोरं न्यायची आणि मोठी पत्रं पाठवायची, एवढंच विद्यालयाचं काम दिसतं.

आमच्या सौभाग्यवती शोभाबाई म्हणाल्या, "येऊ द्या ना त्या पोराले. तुमाले नावं ठेवाले घरात कोनी तरी पाह्यजेच."

१० एप्रिल, शनिवार

विद्यार्थी आला. नाव निशांत, वय चोवीस, नगर जिल्ह्यातला. एका पिशवीत कपडे आणि दोन पिशव्यांत पुस्तकं. पाणी पिऊन झाल्यावर वही उघडून मला विचारलं, "सर, इथल्या मंडळीचा सामाजिक संदर्भ काय आहे?"

मी म्हटलं, "सध्या तरी ऊन आहे."

त्यानं ते लिहून घेतलं.

११ एप्रिल, रविवार

आज निशांतचा पहिला उपदेश झाला. पन्नास मिनिटं. परिघावरची माणसं, सत्तेची उतरंड, मुक्तीची प्रक्रिया. तिसऱ्या बाकावर दोघं झोपले होते. त्यांचा दोष नाही.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. ती त्याला आधी सांगायची मी मुद्दामच राहू दिली. इथं कोणाला अक्षरओळख नव्हती आणि गोऱ्या साहेबांचं मराठी कोणाला कळत नव्हतं, त्या काळातली ही रीत. उपदेश झाला की मंडळीतलं एक माणूस उठतं आणि काय सांगितलं ते आपल्या बोलीत परत सांगतं. चाळीस वर्षं हे काम चंद्रभानची आई सुलोचनाबाई करते. पंचाहत्तर वय, अंगठेबहाद्दर, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. परत सांगण्यासारखं काही मिळालं नाही तर तसं सांगून खाली बसते, मग व्यासपीठावर कोणी का असेना.

निशांत घाम पुसत बसला होता. सुलोचनाबाई बाक धरून उठली. बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "पोराले घाम लय आला. त्याले कोनी पानी द्या." आणि बसली.

सगळं चर्च हसलं. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. चंद्रभानची मुलगी नलू तेवढी हसली नाही. ती उठून पाणी घेऊन आली. विद्यालयाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा निकाल एका वाक्यात लागला, याचा मला दिवसभर आनंद वाटत राहिला.

जेवताना शोभाबाईंनी तो घालवला. म्हणे, "हासले कायले इतके? तुमच्या टायमाले तं तिनं पानीबी नाई सांगतलं."

ही १९७१ सालची गोष्ट. मी एकदा उपदेश केला होता. पुष्कळ तयारी करून केला होता. सुलोचनाबाई उठलीच नाही. त्यानंतर मी उपदेशाच्या फंदात पडलो नाही, सचिवपद घेतलं. मंडळीला कागदपत्रं नीट ठेवणारं माणूस हवंच होतं. त्या जुन्या गोष्टीचा आजच्याशी काही संबंध नाही. शोभाबाईंना नसते संबंध जोडायची सवय आहे.

१९ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी नलू आली. हातात धर्मविद्यालयाचा अर्ज. मला वाटलं, निशांतचा काही कागद असेल. तर हिचाच!

मी मास्तर असताना शाळेत ती माझ्याच वर्गात होती. गेल्या वर्षी वर्ध्याहून बी.ए. झाली. आता म्हणते धर्मविद्यालयात जायचं. सचिवाचं शिफारसपत्र लागतं. ते बंद पाकिटातून थेट प्राचार्यांकडं, एकतीस मेच्या आत.

मी विचारलं, "कायले जायचं आहे तुले?" तिच्याशी बोलताना माझीही जीभ घसरते.

"लोक मले इचारते गुरुजी, अन् मले सांगता येत नाई," ती म्हणाली. "त्या धोंगड्यांच्या सुनेचं लेकरू गेलं. ते आता कुठं असन म्हणून इचारे मले. मी तिचा हात धरून बसली. हात धरनं येते मले. त्याच्या पुढचं येत नाई."

"ते तिथं शिकवतात असं कोणी सांगितलं?"

"नसन शिकवत तं तसं पाहून येईन."

उत्तर तयार असतंच तिच्याकडं. मी म्हटलं, पंचसभेत ठेवतो. असं म्हटलं की माणूस समाधानानं घरी जातं. नलू गेली, पण फाटकापाशी थांबून म्हणाली, "कधी ठेवता?"

अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आहे.

२५ एप्रिल, रविवार

निशांतचा तिसरा उपदेश. आज पस्तीस मिनिटं. मध्येच कुठंतरी, त्याची आई विड्या वळते आणि वळता वळता प्रार्थना पुटपुटते, असं बोलून गेला आणि लगेच पुन्हा उतरंडीवर आला. सुलोचनाबाई उठली. "याची माय इड्या वळते. हात चालू, देवाशी बोलनंबी चालू. बाकीचं मले सापडलं नाई."

दुपारी पोरगा जेवला नाही. शोभाबाईंना वाटलं ऊन लागलं, म्हणून पन्हं केलं. मला वाटतं अपमान लागला. विद्यालयात टाळ्या मिळत असतील.

९ मे, रविवार

गेले पंधरा दिवस निशांत घरात सापडत नाही. बुधवारी सकाळी सहाला नलूबरोबर शेतमजूर बायांच्या सभेला, रोज दुपारी चंद्रभानच्या दुकानात, संध्याकाळी कोणाच्यातरी ओट्यावर. वही घरीच पडलेली असते. पुस्तकांच्या पिशव्यांपैकी एक अजून सोडलेलीसुद्धा नाही.

आज तो बारा मिनिटं बोलला. हरवलेल्या बकरीच्या शोधात निघालेल्या माणसाबद्दल. बकरी कोणाची, ती कोणत्या बांधावरून गेली, माणसाची चप्पल कुठं तुटली, सगळं सेलूच्या शिवारातलं. सुलोचनाबाई परत सांगायला उठली आणि पाव तास बसलीच नाही. उपदेशापेक्षा परत सांगणं लांबलं. शेवटी डोळे पुसत होती.

म्हणजे बघा. विद्यालयानं तीन वर्षं घालून पोराला बिघडवायचं, मग आम्ही महिनाभर जेवू घालून नीट करायचं, आणि पदवी देणार कोण? विद्यालय! प्रमाणपत्रावर सुलोचनाबाईचा अंगठा घ्यायला पाहिजे. हे मी निशांतला ऐकवलं. तो म्हणाला, "खरं आहे सर. मी हेच लिहिणार आहे अहवालात." अशा माणसाशी भांडताही येत नाही.

१८ मे, मंगळवार

काल नलूनं पुन्हा विचारलं. आज निशांतनं विचारलं. रात्रीच्या जेवणाला शोभाबाईंनी विचारलं, आणि भाजी वाढताना पळी जोरात आपटली.

मी सांगितलं, तीन पाठवली, तीन गेली. ही चौथी. ही गेली तर बायांची सभा कोण घेणार? पोरांना गाणी कोण शिकवणार? सुलोचनाबाईचे पाय आता थरथरतात. तिच्यानंतर परत सांगायचं कोणी? याचा विचार विद्यालय करणार आहे का?

शोभाबाई म्हणाल्या, "असं आहे तं तिले तसं सांगा ना. का तू लय कामाची हायस, नोको जाऊ."

तोंडावर स्तुती केली की माणसं चढून बसतात. तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणत्याही विद्यार्थ्याची केली नाही.

२० मे, गुरुवार

पत्र लिहिलं. कोणी म्हणायला नको की मी अडवून ठेवलं. पण खोटी शिफारस करणं माझ्या स्वभावात नाही. जे आहे ते लिहिलं. नक्कल इथं उतरवून ठेवतो.

"मा. प्राचार्य यांस, सदर उमेदवारास मी लहानपणापासून ओळखतो. खेदानं कळवावं लागतं की तिला पंचांना विचारून काम करण्याची सवय नाही. बुधवारची सभा तिनं परवानगी न घेता सकाळी सहाला नेली. हजेरी नऊवरून एकतीसवर गेली, परंतु ठराव झालेला नव्हता. गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांना पुरामुळं येता आलं नाही, तेव्हा एका अर्भकाच्या दफनाची प्रार्थना तिनं स्वतः केली. असा अधिकार तिला नाही. दारूचं व्यसन असलेल्या दोन सभासदांच्या घरी ती जाऊन बसते. त्यांतला एक आता चर्चमध्ये येतो आणि मागच्या बाकावर झोपतो. उपदेश चालू असताना ती मान वर करून ऐकते आणि नंतर उपदेशकाला रस्त्यात गाठून प्रश्न विचारते. प्रश्न अवघड असतात. एकूणच, तिच्यावाचून मंडळीचं काम अडतं अशी लोकांची समजूत झाली आहे, जी शिस्तीच्या दृष्टीनं योग्य नाही. सबब शिफारस करता येत नाही. आपला, मधुकरराव, सचिव."

दोनदा वाचलं. एक शब्द खोटा नाही. अर्जावरही सही केली, दोन्ही एका पाकिटात घालून रजिस्टर पोस्टानं रवाना केलं. हिला तिथं कोणी दारात उभं करणार नाही. मनावरचा भार उतरला.

३० मे, रविवार

निशांत उद्या जाणार. त्याच्या शेऱ्यात मी 'साधारण' लिहिलं. विद्यालयाला जास्त डोक्यावर चढवायचं कारण नाही. त्यानं एक पिशवी पुस्तकं मंडळीला ठेवून दिली. कोण वाचणार ती? शोभाबाईंनी त्याला दोन किलो हळद बांधून दिली, आणि त्या रडल्या.

१२ जून, शनिवार

प्राचार्यांचं उत्तर आलं. हे पद भूषवणाऱ्या माणसाला वाचता येतं की नाही याची मला शंका आहे.

लिहितात: "आम्हाला दरवर्षी शंभरेक शिफारसपत्रं येतात. उमेदवार नम्र, आज्ञाधारक व प्रार्थनाशील आहे, एवढंच बहुतेकांत असतं. उमेदवार काय करतो हे सांगणारं पत्र फार दिवसांनी वाचलं. शिफारस न करण्याची आपली कारणं पाहूनच समितीनं तिला प्रवेश द्यायचा ठरवलं आहे."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

पुढं आणखी आहे. अर्जाच्या मागच्या पानावर, मंडळीनं भरायच्या भागात, नववा रकाना मी कोरा सोडला म्हणे. शिक्षण झाल्यावर मंडळी या उमेदवाराला परत बोलावील काय, आणि कोणतं काम सोपवील? अर्ज सोबत परत धाडला आहे, तो भरून पंचवीस तारखेच्या आत पाठवायचा, नाहीतर प्रवेश रद्द. आणि मग हे वाक्य: "सेलूच्या आधीच्या तिन्ही अर्जांवर हा रकाना कोराच असल्याचं जुन्या फायलीत दिसतं. त्यांपैकी दोघांनी शेवटच्या वर्षी मंडळीकडं परत येण्याबद्दल विचारणा केली होती, त्यांना उत्तर मिळाल्याची नोंद नाही."

फायली चाळायला यांना वेळ बरा मिळतो!

रकाना कोरा ठेवायचं कारण उघड आहे. चार वर्षांनंतरचं वचन आज कोण देणार? सचिवानं मंडळीला बांधून टाकायचं नसतं. त्या दोघांची पत्रं आली होती हे खरं आहे. पंचसभेत ठेवतो असं मी त्यांना कळवलं होतं. बहुतेक कळवलं होतं.

पत्र शोभाबाईंना दाखवलं नाही.

१५ जून, मंगळवार

नलू आली. तिलाही वेगळं पत्र गेलं आहे. माझ्या पत्रातली दोन वाक्यं त्यात उतरवली आहेत, कौतुकानं. असले धंदे!

ती उभीच राहिली. म्हणाली, "गुरुजी, तुमी 'नाई' म्हनासाठीच लिवलं होतं ना ते?"

तीस वर्षं मी वर्गात खोटं बोलणाऱ्यांना उभं केलं. म्हटलं, "हो."

"मले समजलं. पन सगळं खरं लिवलं तुमी. त्या सभेत एकतीस बाया येते हे तुमाले मालूम आहे, हे मले मालूम नोतं."

मी खुर्ची पुढं केली. ती म्हणाली, "आता त्या नवव्या रकान्यात तुमाले वाटन ते लिवा. 'नाई' लिवाचं असन तं 'नाई' लिवा. मी तरीबी जाईन. पन कोरं नोका ठेवू. मांगं जागा हाय का नाई, एवढं तं मालूम असू द्या मले."

मी म्हणणार होतो, पंचसभेत ठेवतो. तोंडापर्यंत आलं होतं. नलू माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "रविवारी मंडळीपुढं ठेवतो."

२० जून, रविवार

उपासनेनंतर उभा राहिलो आणि नववा रकाना वाचून दाखवला. अठ्ठावीस वर्षांत हा कागद मंडळीनं पहिल्यांदाच ऐकला. कोणाला पटकन कळलं नाही, म्हणून पुन्हा वाचला.

सुलोचनाबाई बसूनच म्हणाली, "इचाराचं काय त्याच्यात, मास्तर? पोट्टी आपली हाय. येईन तं घर आपलं, काम आपलं." बाया हो हो म्हणाल्या. झालं, मी वही मिटायला लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, "पन मंग त्या तिघाइले काऊन नाई बलावलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. विद्यालयाबद्दल चार शब्द बोलायचं मनात आलं, ते मी नेहमीच बोलतो. ते बोललो नाही. म्हटलं, "दोघांनी विचारलं होतं. पत्रं मी तुमच्यापुढं ठेवली नाहीत."

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कोणी रागावलं नाही. मग व्यासपीठाजवळून चंद्रभान बोलला, नेहमीच्या हळू आवाजात. "मीबी अर्ज देल्ला होता गुरुजी. शहात्तर साली, लग्नाच्या आंधी. तुमी म्हनले होते, पंचसभेत ठेवतो."

मला आठवेना. देवाशपथ आठवेना. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "हाव. लय दिवस झाले त्याले." आणि समाप्तीच्या प्रार्थनेला सुरुवात केली.

२१ जून, सोमवार

सकाळपासून जुन्या फायली काढल्या. शोभाबाईंनी विचारलं नाही, नुसत्या धूळ झटकत राहिल्या. अकराच्या सुमारास १९७६ च्या गठ्ठ्यात सापडला. वीस वर्षांच्या चंद्रभानचं अक्षर, गोल, सुबक. आज त्यानं लिहिलेलं बिल पाहिलं तर अक्षर ओळखू येणार नाही. 'का जाऊ इच्छिता' याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, मला बोलावंसं वाटतं पण नीट बोलता येत नाही. शिफारसपत्र लावलेलंच नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. नववा रकाना कोरा होता.

का लिहिलं नाही, ते मला आता आठवलं. तो अर्ज त्याच आठवड्यात आला होता, ज्या आठवड्यात चंद्रभाननं पहिल्यांदा मंडळीसमोर दोन शब्द सांगितले आणि त्याच्या आईनं उठून ते परत सांगितले. मी समोरच्याच बाकावर होतो. मला सहन झालं नाही. इतकी साधी गोष्ट आहे. विद्यालयाचा त्यात काही हात नव्हता.

नलूच्या अर्जातला नववा रकाना भरला. 'होय. मंडळी बोलावील. काम ती सांगेल ते.' खाली सही केली आणि दोन्ही अर्ज घेऊन चंद्रभानच्या दुकानी गेलो.

तो मोटारीत तांब्याची तार भरत होता. मी त्याचा जुना अर्ज बाकावर ठेवला. त्यानं तेलकट बोट न लावता लांबूनच पाहिला, पूर्ण वाचला. मी म्हटलं, "चंद्रभान, मला लाज वाटते."

त्यानं तार खाली ठेवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाला, "पोट्टीचा टाकला का?"

"नाही अजून."

"मंग हे राहू द्या गुरुजी. तो टाकून या आंधी. चार वाजता टपाल निघून जाते."

साडेतीन झाले होते. मी भर उन्हात पोस्टाकडं जवळजवळ पळतच गेलो.